वावरातलं काम म्हणजे 'निसर्गात वेळ घालवणं' का?

पराटी_वर्धा:
गावच्या आरोग्य बैठकीत 'निसर्गात वेळ घालवा, मन शांत राहते' असं सांगायचं ठरलंय. पण दिवसभर उन्हातान्हात राबणारा म्हणेल, "आम्ही आणखी कुठं असतो बाप्पा?" मग वावरातलं काम यात धरायचं का? किती वेळ, केव्हा, कुठं, हे नेमकं सांगा.

पळसफूल:
कामाचे तास धरू नका. हात निंदणात असतात अन् डोकं कर्जाच्या हप्त्यात. १२० मिनिटांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतला. तिच्यात फुरसतीनं बाहेर पडणंच मोजलं होतं, घरची बागही धरली नव्हती. आठवड्याला दोन तास बाहेर राहणाऱ्यांत तब्येत चांगली, समाधान आहे असं सांगणारे जास्त निघाले. वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. अर्थात धडधाकट माणूसच जास्त फिरत असेल, हेही शक्य आहे. म्हणून गोळीच्या डोससारखं सांगू नका.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण वाढला की वाढणारं संप्रेरक) तपासलं. २० ते ३० मिनिटांत ते सगळ्यात वेगानं उतरलं. त्यापुढेही उतरलं, पण हळू. अट अशी की तेवढा वेळ फोन, गप्पा, वाचन बंद. लोकांचं इथंच चुकतं. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून रील पाहणं यात येत नाही.

पांदणवाट:
एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा, नंतर ऊनच ताण देते. पांदण किंवा तलावाची पाळ बरी. कपाशीवर फवारणी चालू असताना त्या धुऱ्यानं जाऊ नका. वारा आपल्याकडे असला तर लांबूनही औषध नाकात जाते. पावसाळ्यात अन् त्यानंतर गवतावर थेट बसू नका. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं स्क्रब टायफस होतो. दगडावर बसा, घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे धुवा. ताप आला अन् अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरला ती दाखवा, नुसता ताप सांगू नका. खपली काखेत, जांघेत लपते.

मोहफूल_ब्रह्मपुरी:
भाऊ, सकाळचा हा सल्ला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे सरसकट चालत नाही. झुंजुमुंजु अन् संध्याकाळ हीच वाघाची वेळ. मोहफुलं वेचताना वाकलेला, खाली बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, म्हणून जंगलाच्या कडेला एकट्यानं गप्प बसणं नकोच. गावातल्या कडुनिंबाखालचा पार, शाळेचं मैदान, तलावाची गावाकडची बाजू, एवढं पुरे. जंगलच पाहिजे असं कुठं आहे?

म्हाताऱ्यांची बाज झाड दिसेल अशी फिरवा. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा, कडक वेदनाशामकं कमी लागली अन् सुटीही लवकर मिळाली.

पळसफूल:
ब्रह्मपुरीवाल्यांचं बरोबर, वेळ गाव पाहून ठरवा. आणखी एक: दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन लागत नाही, अशाला पारावर बसायला सांगून मोकळं होऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा.