‘गोल्डन अवर’चा बँजो आणि पॉपची उदासी

अमेरिकन गायिका केसी मस्ग्रेव्ह्जचा ‘गोल्डन अवर’ (२०१८) हा मुळात कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) अल्बमच नव्हे आणि आजचे पॉप उदास झाले आहे, असे दोन मुद्दे मांडले जातात; त्यांपैकी पहिला मला पटत नाही. ‘ओह, व्हॉट अ वर्ल्ड’मध्ये व्होकोडर या उपकरणातून यांत्रिक झालेला आवाज आणि कंट्रीचे ओळखीचे तंतुवाद्य बँजो एकत्र येतात, तरीही बँजो केवळ शोभेसाठी ठेवलेला वाटत नाही. ‘हाय हॉर्स’मधील डिस्कोचा ठेका मात्र मला थोडा उपराच वाटतो.

शिवाय ‘कंट्री’चा शिक्का कोण मारतो, हेही पाहावे लागेल. अमेरिकेतील कंट्री रेडिओने या गाण्यांना फारसा थारा दिला नाही, तरी २०१९ मध्ये ग्रॅमी या अमेरिकेतील संगीत पुरस्कारांतील ‘अल्बम ऑफ द इयर’ आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम हे दोन्ही पुरस्कार या अल्बमला मिळाले. पुढे तिच्याच २०२१ च्या ‘स्टार-क्रॉस्ड’ या अल्बमला त्याच ग्रॅमीने कंट्री अल्बमच्या विभागातून वगळले आणि त्यातीलच ‘कॅमेरा रोल’ हे गाणे मात्र कंट्री विभागात ग्राह्य धरले. गायिका तीच, डॅनियल टॅशियन आणि इयन फिचुक हे सहनिर्मातेही तेच!

आजचे पॉप उदास झाले आहे, या दुसऱ्या मुद्द्याशी मी अंशतः सहमत आहे. पॉप गायिका बिली आयलिशच्या २०१९ मधील अल्बममधील कुजबुज भीतीकडे झुकते. ‘गोल्डन अवर’मधील ‘हॅपी अँड सॅड’ या गाण्यात मात्र सुख हाताशी असतानाच ते निसटेल अशी धास्ती आहे, आणि दुःखाचे प्रदर्शन न मांडता ती हलक्या आवाजात सांगणे मला अधिक अवघड वाटते.