गुहेचा परवाना: माहिती अधिकार इथे चालत नाही

सरकारी जमिनीवरच्या गुहेत उतरायचा परवाना कसा मिळवायचा, या प्रश्नावर दिलेला ‘जमीन सरकारी म्हणजे आपलीच, माहिती अधिकारात गुहांचा नकाशा मागवा आणि मग परवान्याला अर्ज करा,’ हा सल्ला अमेरिकेत तरी उपयोगाचा नाही. १९८८ च्या केंद्रीय गुहा संरक्षण कायद्याने ‘महत्त्वाच्या’ ठरवलेल्या गुहांचा ठावठिकाणा माहिती अधिकारातूनही वगळलाय. आधी मलाही हा सरकारी चोंबडेपणा वाटला होता. पण हजारो वर्षांत वाढलेले चुनखडीचे झुंबर आठवण म्हणून मोडून नेणारे महाभाग असतातच. त्यामुळे उलटा रस्ता धरा: आधी राष्ट्रीय गुहा संघटनेची स्थानिक शाखा (तिला ‘ग्रोटो’ म्हणतात) गाठा. गुहा कुठे आहेत, अर्ज कुठे करायचा, हे तिथल्या जुन्या मंडळींना तोंडपाठ असतं.

आणि बुटांचं बघा. न्यू मेक्सिकोत गुहेत उतरण्याआधी तिथल्या लोकांनी मला विचारलं, ‘हे बूट याआधी कुठल्या गुहेत गेलेत?’ मी सरळपणे टेनेसी म्हणालो. झालं! वटवाघळांना मारणारी पांढऱ्या नाकाची बुरशी तिथे आहे, आणि ती बुटांना चिकटून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. बुरशी घालवायला कपडे, दोर ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान ५ मिनिटं बुडवले तर चालतं, पण त्या भागातलं सामान नव्या भागात नकोच म्हणाले. नवे बूट घ्यावे लागले, लेससकट.