धरण भरलंय, मग टँकर कशाला?

बी-७०३: सेक्रेटरी साहेब, पवना फुल्ल भरलं म्हणून काल बातम्यांत दाखवत होते. आणि आज आपल्या गेटवर परत तीन टँकर?

ए-१०२: हेच विचारायचं होतं. मेंटेनन्स सगळा टँकरवाल्याच्या घशात.

सेक्रेटरी: ताई, आज पाण्याचा दिवस नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवड शहराला दिवसाआडच आहे.

बी-२०४ काका: धरण भरलं म्हणून नळ धावत नाही. पवनेचं पाणी नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसतात, निगडीला सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. धरण साडेआठ टीएमसीचं असो नाहीतर ऐंशी, पंप आणि शुद्धीकरण केंद्राला झेपेल तेवढंच पुढे येणार.

ए-६०१: मावळात ती धरणातून थेट शहरात येणारी बंद पाइपलाइन अडवली नसती तर हा वैताग नसता.

बी-२०४ काका: अडवली म्हणून मोकळं होऊ नका. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. आणि पाइपलाइन झाली असती तरी आपली टाकी काही मोठी झाली नसती.

बी-७०३: आता टाकी कुठून आली मधेच?

बी-२०४ काका: माणशी १३५ लिटर धरा. १२० फ्लॅट, घरटी चौघं. रोजचे ६४,८०० लिटर. दिवसाआड म्हणजे एका दिवसात जवळपास १ लाख ३० हजार भरून घ्यायला हवेत. खालची टाकी ७५ हजारांची, गच्चीवरच्या मिळून २० हजार. टाकी भरली की फ्लोट वर येतो, आवक बंद. बाहेर लाइनला पाणी असतं, आपण घेऊ शकत नाही.

ए-१०२: म्हणजे आलेलं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी विकत आणायचं??

सेक्रेटरी: बिल्डरने रोजच्या पुरवठ्याच्या हिशोबाने टाकी बांधली हो.

सी-३०५: नवी टाकी म्हणजे पार्किंग खोदणार. माझा स्लॉट तिथेच आहे, आत्ताच सांगून ठेवते.

बी-२०४ काका: खोदू नका, आधी एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणारा आपला प्लांट, चालू करा. १३५ मधले ४५ लिटर फ्लशला जातात. दोन दिवसांचे ४३ हजार, म्हणजे दहा हजारी चार टँकर. फ्लशची लाइन वेगळी आहेच, पण तिच्यातही आपण नळाचंच पाणी सोडतोय.

बी-७०३: काका, वासामुळे बंद केला ना तो? आमची बाल्कनी बरोबर वरती आहे.

बी-२०४ काका: वास का आला? वीजबिल वाचवायला मागच्या कमिटीने रात्रीचा ब्लोअर बंद ठेवला. हवा नाही मिळाली की घाण खाणारे जिवाणू मरतात, मग सडणारच. ब्लोअर सतत चालू पाहिजे आणि रोज बघणारा माणूस पाहिजे. नव्याने चालू केल्यावर जम बसायला काही आठवडे जातील, तेवढं सोसावं लागेल.

सी-३०५: फ्लशला गढूळ पाणी आलं तर? पाहुण्यांसमोर लाज नको.

बी-२०४ काका: फिल्टर आणि क्लोरीन नीट असेल तर नाही येणार.

सेक्रेटरी: ऑपरेटरचं कोटेशन मागवतो. रविवारी ११ वाजता क्लब हाऊसमध्ये बसू.

ए-१०२: येताना टँकरची बिलं आणि ब्लोअरचं वीजबिल दोन्ही घेऊन या. आणि वॉचमन दादांना सांगा, उद्या टाकी कधी भरली आणि लाइनचं पाणी कधी गेलं, दोन्ही वेळा वहीत लिहा म्हणावं.