फेसला दोन दिवस कमीच

दोन दिवसांत मोरोक्कोतली फेस आणि शेफशावन ही दोन्ही शहरं करायची म्हणताय, पण माझं ऐका, शेफशावन या खेपेला सोडा. बसने जायलाच चारेक तास जातात.

जुन्या शहरात, फेस अल-बालीत, मोटारी नाहीत. सामान खेचरावर नाहीतर हातगाडीवर. मागून "बालाक!" अशी हाक आली की आधी भिंतीला चिकटा, मग वळून बघा. बाब बू जलूद दरवाजा बाहेरून निळा, आतून हिरवा. तिथून तला कबीरा ही गल्ली उतरत उतरत करावियीन मशिदीकडे जाते. मशिदीत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नाही, पण बू इनानिया मदरसा सगळ्यांना खुला असतो, तो अजिबात चुकवू नका. वाट हरवली तर चढ धरा, बहुधा त्याच दरवाजाकडे पोचाल. "इकडून रस्ता बंद आहे" म्हणत कोणी मागे लागलं तर हसून "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं.

शुआरा या चामडं कमावण्याच्या जागेतली कुंडं वरच्या दुकानांच्या गच्चीतून दिसतात. हातात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरा, वास खरंच उग्र असतो.

शाकाहारी असाल तर झालूक मागा, अगदी आपल्या वांग्याच्या भरताच्या जवळचं. हरीरा सूपमध्ये मात्र बरेचदा मांस असतं, विचारून घ्या. आणि शुक्रवारी दुपारी बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारी ठेवा.