हान्न्या म्हणजे राक्षसीण?
नोह या जपानच्या जुन्या नाट्यप्रकारातल्या हान्न्या मुखवट्याला कुणीतरी सरसकट 'राक्षसीण' म्हणून मोकळं झालंय. शिंगं, सुळे बघून तसं वाटणारच. पण 'आओइ नो उए' या नोह नाटकात ही 'राक्षसीण' म्हणजे रोकुजो आहे, चांगली जिवंत, खानदानी बाई. मत्सरापायी तिचा आत्मा देह सोडून तिच्या प्रियकराच्या, म्हणजे गेन्जीच्या, आजारी बायकोला छळायला येतो. (बायकोचं काम करायला नटच नसतो, रंगमंचावर पुढे अंथरलेला किमोनो म्हणजे ती!)

शिवाय नाटकात तिचा मुखवटा मध्येच बदलतो. पूर्वार्धात रोकुजोला देइगान नावाचा मुखवटा असतो: बाईचाच चेहरा, फक्त डोळ्यांच्या पांढऱ्या भागात सोनेरी रंग. हान्न्या त्यानंतर. तोही नुसता भेसूर नाही. नटाने मान जरा खाली घातली की भुवया रडवेल्या दिसतात. सुरुवातीपासून हान्न्याच असता तर मला तरी तिची कीव आली नसती.