ऑर्डर ७ रूल ११ च्या (दिवाणी प्रक्रिया संहिता, वादपत्र सुरुवातीलाच फेटाळा म्हणणाऱ्या) अर्जावर से (लेखी म्हणणं) काय द्यायचा?

कोरेगावकर: आईने मामांवर वाटपाचा दावा टाकलाय, आजोबांच्या जमिनीचा. मामांनी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) न देता ऑर्डर ७ रूल ११ (७/११) चा अर्ज टाकला की २०११ लाच रजिस्टर हक्कसोड झालंय, दावा मुदतबाह्य आहे, फेटाळा. आई म्हणते "वारस नोंदीची सही आहे" सांगून सबरजिस्ट्रारकडे नेलं, वाचून कोणी दाखवलं नाही, गेल्या वर्षी फेरफार काढला तेव्हा कळलं. आमचे वकील म्हणतात "अर्ज खोटा आहे, नामंजूर व्हावा" एवढा से पुरे. मी साक्षीदार, तलाठ्याचे कागद सगळं सेमध्ये घालू का?

दिवाणी_काळाकोट: साक्षीदार बिक्षीदार अजिबात नको. या अर्जात कोर्ट फक्त वादपत्र आणि त्याच्यासोबतचे कागद बघतं. मामांचा बचाव बघत नाही, तशी तुमच्या सेमधली नवीन हकीकतपण बघत नाही. सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र सरकार, (२००३) १ एससीसी ५५७, वकिलांना हा लावायला सांगा. आता वादपत्र काढा आणि हक्कसोडाबद्दल नेमकं काय लिहिलंय ते इथे टाका, नाव गाव सोडून.

कोरेगावकर: एकच ओळ आहे, "सदर हक्कसोडपत्र बेकायदेशीर असून वादीवर बंधनकारक नाही". कधी कळलं ते कुठेच नाही. मागणी फक्त वाटप आणि ताबा.

दिवाणी_काळाकोट: मग घोडं इथेच अडलंय. दस्त रद्द करून घ्यायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ ने ३ वर्षं, ती हकीकत कळल्यापासून. पण कळल्याची तारीखच वादपत्रात नसेल तर समोरचा म्हणणार २०११ ला सही स्वतःच केली, म्हणजे तेव्हाच कळलं. दहिबेन केसमध्ये (२०२०) खरेदीखत २००९ चं, दावा २०१४ चा, सुप्रीम कोर्टानेही वादपत्र फेटाळणंच कायम ठेवलं. म्हणून सेच्या आधी किंवा सोबतच ऑर्डर ६ रूल १७ चा वादपत्र दुरुस्तीचा अर्ज द्या. कोण घेऊन गेलं, काय सांगितलं, फेरफाराची नक्कल कुठल्या तारखेला मिळाली हे सगळं लिहा, ऑर्डर ६ रूल ४ प्रमाणे फसवणुकीचा तपशील द्यावाच लागतो, नुसतं "फसवलं" चालत नाही. हक्कसोड बंधनकारक नाही असं ठरवून मिळावं ही मागणीपण वाढवा. से छोटाच ठेवा, फक्त एवढं ठासून लिहा की मुदतीचा मुद्दा इथे कायदा आणि वस्तुस्थिती दोन्हीचा आहे, पुराव्याशिवाय ठरणार नाही.

जुना_पक्षकार: वरच्यांशी सहमत, फक्त दुरुस्तीवर समोरून "आता पळवाट काढताय" असा आरडाओरडा होणार, घाबरू नका. आणि समजा वादपत्र फेटाळलंच तर तो आदेश हुकूमनामा (डिक्री) धरतात, अपील करता येतं. फक्त तोवर मामा जमीन विकून मोकळे व्हायला नकोत. नि. ५ चा (निशाणी ५, दावा चालू असेपर्यंत तात्पुरत्या मनाईचा) अर्ज दिलाय का?

कोरेगावकर: नाही दिला 😐 वकील म्हणाले आधी ७/११ चं होऊ दे.

जुना_पक्षकार: थांबू नका हो, दुरुस्ती अर्जासोबतच द्या, आणि लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस रजिस्टर करायचं पण विचारा त्यांना.