फिजिओथेरपीचा तुमचा अनुभव काय? – अनुभव धागा

आठ महिन्यांपूर्वी माझा डावा खांदा जखडला. शर्टाच्या बाहीत हात घालताना जीव जायचा, मागच्या खिशापर्यंत हात पोचत नव्हता. निदान – फ्रोझन शोल्डर. मधुमेह्यांना हा जास्त गाठतो, आणि मी त्यांतलाच. वाटलं होतं, रोज जाऊन मशीनचा शेक घ्यायचा की झालं. फिजिओने घरच्या भिंतीवर बोटांनी चढायला सांगितलं. बोटं अडतील तिथे पेन्सिलची खूण. पहिली खूण माझ्या नाकाच्या रेषेत होती. हा खांदा आपोआपही सुटतो म्हणतात. सुटतो, पण त्यात वर्षं जातात. आता हात जवळजवळ पूर्ण वर जातो आणि ती भिंत मी रंगवू देत नाही. तुम्हीही लिहा, गुण आला नसेल तरी.

*

माझा अनुभव आधी वाईट, मग चांगला. कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जायची. पहिल्या ठिकाणी १५ दिवस नुसता शेक आणि करंट. कुणी वाकवूनसुद्धा पाहिलं नाही. घरी पोचेपर्यंत बरं वाटायचं, रात्री पुन्हा तेच. दुसरीकडच्या बाईंनी अर्धा तास विचारपूस केली, मग पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला लावली. कंबर जास्तच दुखू लागली! मी वैतागलो. त्यांनी विचारलं, "पोटरीत आहे का?" नव्हती. कळ मांडीपर्यंत वर आली होती. दुखणं पायातून कंबरेकडे सरकलं तर व्यायामाची दिशा बरोबर, खाली पायाकडे उतरायला लागलं तर थांबायचं, असं त्यांनी समजावलं.

सायटिकावाल्यांनो, माझं बघून हे करू नका. माझ्या मावशीच्या कण्यातली नसांची जागा अरुंद झाली आहे, तिला उलट पुढे वाकल्यावरच आराम पडतो.

*

गादीवर कूस बदलली की घर गरगरायचं. कानातले बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत गेले होते. फिजिओने डोकं ठरावीक क्रमाने वळवत मला आडवं केलं, बसवलं. एकाच दिवसात थांबलं. सगळ्यांचं इतक्यात होत नाही म्हणे.

*

आईचा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभी केली, आम्हीच घाबरलो होतो. खरी लढाई पुढे, गुडघा वाकवण्याची. खुर्चीतून नीट उठायचं तर ९० अंशांच्या थोडं पुढे वाकावा लागतो, म्हणून फिजिओ दर वेळी कोन मोजायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा मोजायचे. आई सहानंतर थेट नऊ म्हणायची. पकडली की म्हणे, "तुझा गुडघा आहे का?"

*

बाबांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. बोटं थोडी हलत होती म्हणून दिवसातले काही तास धडधाकट हातावर जाड मोजा चढवायचा आणि कामं दुबळ्या हाताला द्यायची. बघवत नाही हो. परवा शर्टाचं बटण लावलं, चुकीच्या काजात. बदलू दिलं नाही.

*

एक विचारायचं होतं. व्यायाम करताना किती दुखलं तर चालतं?

*

(धागाकर्ता) मला सांगितलेला हिशेब असा: दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं मूळपदावर आलं तर ठीक, वाढलेलंच राहिलं तर व्यायाम कमी करून फिजिओला फोन. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र सकाळची वाट बघायची नाही.